तुरुंगातल्या पत्रकाराच्या सुटकेसाठी आवाहन करताना: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

पत्रकाराला अटक झाली की सोलापुरात दोन गोष्टी हमखास होतात. रात्री व्हॉट्सअॅपवर ‘जाहीर निषेध’ फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पूनम गेटवर, म्हणजे धरणी-आंदोलनांच्या नेहमीच्या जागी, फ्लेक्स लागतो. तिसऱ्या दिवशी काय करायचं, असं विचारणारे निरोप मग येत राहतात. हे प्रश्न त्यांतलेच. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे आहेत (पुढे नुसतं ‘संहिता’). वकील लागणारच, त्याच्याकडे जाण्याआधी आणि नंतर बाकीच्यांनी काय करायचं ते इथे आहे.

१. ‘उचललं’ एवढंच कळलंय. आवाहन आत्ताच काढू का?

आधी तीन गोष्टी पक्क्या करा: अटक आहे की नुसती नोटीस, ठाणं कोणतं, गुन्हा रजिस्टर नंबर काय. संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस (जुनं ४१-अ) म्हणजे हजर राहायला सांगणं. ती अटक नव्हे. ठाण्याचा घोळ आपल्याकडे फार होतो. शहर पोलीस आयुक्तालयाकडे आहे. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, पंढरपूर हे ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. अक्कलकोटच्या अटकेचं निवेदन आयुक्तालयात देऊन लोक घरी जातात, आणि कागद दोन कचेऱ्यांमध्ये फिरत बसतो.

अटक झालेल्यांची नावं आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात व जिल्हा नियंत्रण कक्षात लावणं कलम ३७ नुसार बंधनकारक आहे. नातेवाईक किंवा मित्राला खबर देणं कलम ४८ नुसार. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं आहे, मात्र संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. तोवर दोन ओळींचं पत्रक पुरे: कुणाला, कुठून, किती वाजता नेलं, घरच्यांना कळवलं का. सविस्तर आवाहन रिमांडचा (कोठडीच्या आदेशाचा) कागद हातात आल्यावर.

२. आवाहन नेमकं कुणाला करायचं? मुख्यमंत्र्यांना पाठवलं की झालं ना?

नाही झालं. बहुतेक आवाहनं इथेच फसतात. कुलूप कोणतं यावर किल्ली कुणाकडे हे ठरतं.

खटला चालू असेल आणि माणूस न्यायाधीन बंदी असेल, तर सोडणं कोर्टाच्या हातात आहे. मुख्यमंत्री जामीन देऊ शकत नाहीत. पण सरकारकडे मागण्यासारख्या दोन गोष्टी उरतात: सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध करू नये, आणि कलम ३६० खाली (जुनं ३२१) खटला मागे घ्यावा. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील करतात आणि त्याला कोर्टाची संमती लागते. म्हणून पत्र गृह विभागाला जायला हवं आणि त्यात कलम ३६० चा आकडा घालून उल्लेख हवा. नुसतं ‘न्याय मिळावा’ लिहिलं तर टिपणी लिहिणाऱ्याला त्यावर करण्यासारखं काहीच सापडत नाही. तो ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारतो आणि कागद दप्तरी जातो.

राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० सारख्या कायद्याखाली स्थानबद्ध केलं असेल तर गोष्ट उलटी. तिथे आरोपपत्र नाही, खटला नाही. आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात, राज्य सरकारने तो साधारण १२ दिवसांत मंजूर करावा लागतो, तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे ठेवावा लागतो, आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. सरकार तो आदेश कधीही मागे घेऊ शकतं. म्हणजे इथे सरकारकडे केलेल्या आवाहनाला पुरतं वजन आहे, आणि सगळ्यात जास्त ते पहिल्या १२ दिवसांत. मणिपूरचे पत्रकार किशोरचंद्र वांगखेम यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये याच कायद्याखाली स्थानबद्ध केलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने त्यांना सोडवलं.

शिक्षा झालेली असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

३. राज्यपाल किंवा राष्ट्रपती थेट सोडू शकतात का?

अनुच्छेद १६१ आणि ७२ खालची माफी दोषी ठरलेल्यांसाठी आहे. न्यायाधीन बंद्यासाठी राष्ट्रपतींना पाठवलेली शेकडो पोस्टकार्डं हा निषेध म्हणून ठीक, अर्ज म्हणून निरुपयोगी.

माफीच्या अर्जाचं आपल्या घरचं उदाहरण टिळकांचं आहे. १४ सप्टेंबर १८९७ रोजी ‘केसरी’तल्या लेखनावरून त्यांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युल्लर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी अशांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी सुटले. अर्जाचा रोख टिळकांच्या संस्कृत विद्वत्तेवर आणि दयेवर होता. निकाल चुकीचा होता हा वाद तिथे घातला नव्हता. माफीच्या अर्जात या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या की दोन्ही पातळ होतात. निकाल चुकीचा आहे हे अपिलात सांगायचं. आणि माफीबरोबर अटी येतात, त्याबद्दल प्रश्न २० मध्ये.

४. मजकूर कसा लिहायचा? नमुना मिळेल का?

एक पान, ए-फोर, एकच मागणी. असा:

‘प्रति, मा. अपर मुख्य सचिव (गृह), मंत्रालय, मुंबई. विषय: बातमीदार … यांच्याविरुद्धचा … पोलीस ठाणे गु.र.नं. …/२०… हा खटला संहितेच्या कलम ३६० अन्वये मागे घेण्याबाबत. महोदय, … यांना दि. … रोजी … येथून अटक झाली. लावलेली कलमे: …. सध्या ते … कारागृहात न्यायाधीन बंदी आहेत. त्यांनी दि. … रोजी … या विषयावर बातमी दिली होती. ती सोबत जोडली आहे. आमची मागणी: ….’

नाव एफआयआरमध्ये जसं आहे तसंच लिहा. गावात सगळे ‘अण्णा’ म्हणत असतील, पण कारागृहाच्या नोंदीत अण्णा नसतो. फिर्यादीचं नाव घालू नका; ‘खोटारडी फिर्याद’ असं लिहिलं तर बदनामीची उलट तक्रार (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) ओढवून घ्याल. ‘आरोप असा आहे, आमचं म्हणणं असं आहे’ हा साचा सुरक्षित. ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ प्रत्येक पत्रकात असतो. तो काढला तर अटकेच्या तारखेला जागा मिळते. ज्या बातमीमुळे अटक झाली असं तुमचं म्हणणं आहे, तिचं कात्रण मात्र जोडाच. अर्ध्याहून अधिक पत्रकांत तेच नसतं.

५. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं, फोटोही पेपरात आला. पुढे काहीच झालं नाही. असं का?

फोटो म्हणजे पोच नव्हे. निवेदनाच्या तीन प्रती काढा. साहेब दौऱ्यावर असतील तर निवासी उपजिल्हाधिकारी घेतात. फोटो तिथे निघतो आणि बरेच जण तिथूनच जिना उतरतात. खरं काम आवक शाखेत आहे. तिथल्या टेबलावर मूळ प्रत द्यायची, आणि आपल्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्क्याची शाई बहुतेक वेळा फिकी असते. क्रमांक वाचता येत नसेल तर तिथेच शाईने लिहून मागा. हा क्रमांक नसेल तर पुढचा पाठपुरावा जवळपास अशक्य. जिल्हाधिकारी हे निवेदन फक्त वर पाठवतात. म्हणून तेच निवेदन स्पीड पोस्टाने गृह विभागाला वेगळं जायलाच हवं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात हा विषय नेऊ नका. न्यायप्रविष्ट प्रकरणं तिथे घेतच नाहीत.

निवेदनाचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं: १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांची मर्यादा. माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर कलम ७(१) नुसार ३० दिवसांऐवजी ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. तो उल्लेख अर्जाच्या पहिल्या ओळीत करा. तपासाला बाधा येईल असं म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार येऊ शकतो, म्हणून तपासाबद्दल न विचारता आवक क्रमांक घालून ‘या निवेदनावर कोणती कार्यवाही झाली’ एवढंच विचारा.

६. सह्यांचे कागद कसे करायचे? ऑनलाइन सह्या चालतात का?

ऑनलाइन आकडा बातमीला बरा दिसतो. फाईलमध्ये कागद चालतो.

पानावर १५ ओळी, जास्त नाहीत. संपूर्ण मागणी प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापा. फक्त पहिल्या पानावर मागणी आणि पुढे नुसत्या सह्या असतील तर ‘आम्ही दुसऱ्याच कागदावर सही केली होती’ असं म्हणायला वाट राहते. रकाने पाच: अनुक्रमांक, नाव, पेठ किंवा गाव, व्यवसाय, सही. मोबाईल आणि आधार क्रमांक घेऊ नका. ते मागितले की लोक बिचकतात, आणि हे कागद नंतर कुणाकुणाच्या हाती जातील याची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापुराकडे कन्नड मजकूर सोबत हवा; शहरात उर्दूही. मागणी न वाचता दिलेली सही चौकशीत पहिल्या प्रश्नाला गळून पडते. विडी कामगार बायका किंवा यंत्रमागावरचे जुने कामगार अंगठा देतात, तो बाद धरू नका. अंगठ्याखाली ‘नि. डा. अं.’ (निशाणी डावा अंगठा) लिहून पूर्ण नाव आणि शेजारी मजकूर वाचून दाखवणाऱ्याची सही, एवढं केलं की तो सहीइतकाच पक्का. एकाच हस्ताक्षरात सलग दहा नावं दिसली तर ते पान सरळ बाजूला काढा. एका पानामुळे चाळीस पानं संशयात जातात. पानांना ‘३/४०’ असे आकडे घाला, सगळं स्कॅन करा, मग मूळ प्रत द्या.

७. पूनम गेटवर धरणं धरायला परवानगी लागते का? कोणती तारीख बरी?

लागते असंच धरून चाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) खालचा मनाई आदेश वर्षाचा बराच काळ लागू असतो. जमावबंदीचा आदेश एका वेळी १५ दिवसांपुरता असतो आणि पुन्हा निघतो. अर्जात दिवस, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे का, आणि जबाबदार पाच जणांची नावं लिहा. आठवडाभर आधी द्या. नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी ‘नको आता’ याला आव्हान देता येत नाही.

तारखेचं सोलापूरचं गणित वेगळं आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत. त्यामुळे पत्रकाराच्या सुटकेची मागणी चार पुतळ्यांपाशी त्याच दिवशी करावी असं पुष्कळांना वाटतं, आणि ते रास्तही आहे. अडचण अशी की त्याच दोन-चार दिवसांत सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघतात, तैलाभिषेक असतो, अक्षता असतात. सगळा बंदोबस्त तिकडे. हुतात्म्यांना अभिवादन, काळी फीत आणि पत्रक वाटप एवढं त्या दिवशी करा, धरणं गड्डा (यात्रेची जत्रा) ओसरल्यावर. ग्रामीण हद्दीतलं प्रकरण असेल तर आषाढी आणि कार्तिकीचे आठवडे टाळा, अधिकारी पंढरपुरात असतात. ६ जानेवारी हा दर्पण दिन (पत्रकार दिन) मोकळा सापडतो, ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनही.

कोर्टाच्या फाटकासमोर घोषणा देऊ नका. का, ते पुढे.

८. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलू नका’ असं सांगतात. खरंच बोलता येत नाही?

येतं. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ अडवतो तो न्यायदानात ढवळाढवळ करणारा मजकूर. फौजदारी प्रकरण त्या अर्थाने ‘प्रलंबित’ होतं ते आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा कोर्टाने समन्स वा वॉरंट काढल्यावर. त्यानंतरही सुटकेची मागणी, अटकेवर टीका, सुनावणीची खरी बातमी हे सगळं चालतं. चालत नाही ते असं: साक्षीदारांबद्दल लिहिणं, न्यायाधीशांच्या नावाने फलक, ‘अमुक कोर्टात न्याय मिळणार नाही’ असं म्हणणं, आणि खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांना थेट पत्र. शेवटची चूक भाबडेपणाने होते. पत्र लिहिणाऱ्याला वाटतं आपण विनंती केली. वकिलाला त्यावर पुढच्या तारखेला खुलासा करत बसावं लागतं.

९. पत्रकार संघ स्वतः कोर्टात जाऊ शकतो का?

हेबिअस कॉर्पसची (बेकायदा डांबलेल्याला कोर्टापुढे आणा, अशी) याचिका बंद्याच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ५ ऑक्टोबर २०२० रोजी हाथरसला जाताना अटक झाली, तेव्हा केरळच्या श्रमिक पत्रकारांच्या संघटनेनेच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पत्रकार प्रशांत कनोजिया यांच्यासाठी त्यांच्या पत्नी गेल्या, आणि ८ जून २०१९ च्या अटकेनंतर ११ जूनला सुटकेचा आदेश झाला. पण दंडाधिकाऱ्यांनी रीतसर रिमांड दिला असेल तर हेबिअस सहसा टिकत नाही. मग जामीन किंवा कलम ५२८ खाली (जुनं ४८२) गुन्हा रद्द करण्याचा अर्ज.

सोलापूरकरांसाठी बदललेली गोष्ट: १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत आहे. जुन्या सवयीने लोक अजून मुंबईचा वकील शोधतात. पैशाची अडचण असेल तर कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा दूरध्वनी.

१०. अटकेची कारणं लेखी दिलीच नाहीत. याचा उपयोग होतो?

मोठा. ‘न्यूजक्लिक’चे प्रबीर पुरकायस्थ यांची ३ ऑक्टोबर २०२३ ची अटक सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली. अटकेचा पंचनामा किंवा अटक फॉर्म वेगळा, कारणं वेगळी. फॉर्मवर छापील ‘पुढील तपासासाठी’ असतं. ती त्या माणसाला लागू होणारी कारणं नव्हेत. कोणता कागद, कोणत्या भाषेत, किती वाजता दिला, हे पहिल्या भेटीतच लिहून काढा. आठवड्याने कुणालाच आठवत नाही. आवाहनात हा मुद्दा वकिलाला विचारूनच घाला, नाहीतर उणीव भरून काढायला समोरच्याला सवड मिळते. आणि या मुद्द्यावर सुटका झाली तरी गुन्हा मिटत नाही.

११. ६० दिवस, ९० दिवस म्हणतात ते काय?

कलम १८७(३): मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीत ६०. तोवर आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क. यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मोजणी अटकेच्या दिवसापासून करायची नाही, पहिल्या रिमांडपासून करायची, आणि तो दिवसही धरायचा. आरोपपत्र येण्याआधी अर्ज पडायला हवा. ६१ व्या दिवशी सकाळी अर्ज तयार नसेल आणि दुपारी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला. ही तारीख मोहिमेच्या कॅलेंडरवर लाल शाईने हवी, आणि त्या आठवड्यात ‘आरोपपत्र कुठे आहे?’ असं ओरडू नये. वकिलाला गुपचूप काम करू द्या.

खटला रेंगाळला तर कलम ४७९ बघा: कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि आधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ आत गेला की जामीन. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरी नाही.

१२. जामीन मंजूर झाला, आठवडा झाला, तरी माणूस आतच. कुणाविरुद्ध आवाहन करायचं?

कुणाविरुद्धच नाही, जामीनदाराची फाईल बघा. आधार, रेशनकार्ड, फोटो, चालू वर्षाची मिळकत कराची पावती किंवा सातबारा, मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. घोळ नावात होतो. आधारवर ‘सिद्राम’, कराच्या पावतीवर ‘सिद्धराम’, आणि घर अजून आजोबांच्याच नावावर. तेलुगू आडनावं तर तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतात. म्हणून अर्ज मंजूर होण्याआधीच दोनाऐवजी चार जामीनदार तपासून ठेवा. सुटकेचा आदेश संध्याकाळी कोठड्या बंद होण्याआधी कारागृहात पोचला नाही तर रात्र आत जाते. शुक्रवारी आदेश झाला तर विशेष धावपळ करा.

कप्पन यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन ९ सप्टेंबर २०२२ रोजी मिळाला, सुटका २ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. मध्ये दुसऱ्या गुन्ह्यातला जामीन होता, तो डिसेंबरात मिळाला, आणि मग जामीनदारांच्या पडताळणीत महिना गेला. म्हणून ‘जामीन झाला’ ऐकून पेढे वाटण्याआधी, आणखी कुठे गुन्हा नोंद आहे का ते विचारा. परराज्यातलं प्रकरण असेल आणि कोर्ट स्थानिक जामीनदार मागत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश वकिलाला दाखवा: स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करायचा.

१३. प्रेस कौन्सिल आणि मानवाधिकार आयोग काही करतात का?

प्रेस कौन्सिल वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं आहे. वाहिन्या, यूट्यूब त्याच्या कक्षेत नाहीत. कोर्टात प्रलंबित असलेल्या गोष्टीची चौकशी ते करत नाही, आणि कुणाला सोडवण्याचा अधिकार त्याला नाही. सोबत घडलेल्या गोष्टींसाठी जा: जाहिराती बंद केल्या, अधिस्वीकृती (पत्रकाराची सरकारी मान्यता) काढली, छापखान्यावर दबाव आणला. मानवाधिकार आयोगाकडे कोठडीतली मारहाण, औषधं न देणं, घरच्यांना न कळवणं यासाठी. घटनेपासून एका वर्षाच्या आत, फी नाही, मराठीतही चालतं. राज्य आयोगाकडे तक्रार असेल तर तीच राष्ट्रीय आयोगाकडे देऊ नका. दोन्हीकडे दिली तर राष्ट्रीय आयोग ती निकाली काढतो.

१४. आंतरराष्ट्रीय संस्थांना कळवावं का?

कुटुंबाने आणि वकिलाने हो म्हटलं तर. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे (स्थापना १९९१) कुणीही प्रकरण नेऊ शकतं, देशातले सगळे उपाय संपायची वाट बघावी लागत नाही. त्याचं मत सरकारवर बंधनकारक नसतं. न्यूयॉर्कची पत्रकार संरक्षण समिती दरवर्षी १ डिसेंबरला तुरुंगात असलेल्या पत्रकारांची गणती करते. आदल्या दिवशी सुटलेला त्यात नसतो. त्यांना पाठवायला हवं ते एवढंच: एफआयआर, रिमांडचा आदेश, बातमीचं कात्रण, आणि तिन्हींचं इंग्रजी भाषांतर. भाषांतरात विशेषणं वाढवू नका, ते मूळ कागद ताडून पाहतात.

१५. पत्रकार परदेशातल्या तुरुंगात आहे. सोलापुरातून पत्र लिहून काय होणार?

एका पत्राने नाही होत. पण तिथे किल्ली बहुधा राजकीय असते, म्हणून पत्रांना जागा असते. रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ म्यानमारमध्ये पाचशेहून अधिक दिवस आत होते. अपील फेटाळलं गेल्यावर ७ मे २०१९ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या माफीने सुटले. इव्हान गर्शकोविच यांना रशियाने मार्च २०२३ मध्ये पकडलं. ते १ ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. पत्र त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला, सभ्य, छोटं, आपल्या देशाच्या राजकारणाचा शब्दही न काढता. पत्रकार भारतीय असेल तर आधी आपलं परराष्ट्र मंत्रालय.

१६. तो यूट्यूबवाला आहे, अधिस्वीकृती नाही. पत्रकार म्हणून आवाहन करता येईल?

येईल. राज्यघटनेत पत्रकारांसाठी वेगळं स्वातंत्र्य नाही. अनुच्छेद १९(१)(क) सगळ्या नागरिकांचा आहे. अधिस्वीकृती ही सरकारी सवलतींची सोय आहे, पत्रकार असल्याचा परवाना नव्हे. त्याचे दहा-बारा व्हिडिओ तारखांसकट उतरवून ठेवा, चॅनल बंद पडू शकतं. आणि २०१७ चा महाराष्ट्राचा माध्यम संरक्षण कायदा इथे पुढे करू नका. तो हल्ल्यापासून संरक्षणाचा आहे, अटकेपासूनच्या नव्हे.

१७. गुन्हा बातमीचा नाही, खंडणीचा आहे. मग?

अवघड प्रश्न, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून सगळ्यात जास्त येणारा. खंडणीचं कलम पत्रकाराला अडकवायला वापरलं जातं हे खरं, आणि ओळखपत्र गळ्यात घालून पैसे मागणारे आहेत हेही खरं. दोहोंतला फरक पत्रकार भवनात बसून कळत नाही. तारखा लावून बघा: बातमी आधी की तक्रार आधी? पैसे मागितल्याची रक्कम, जागा, वेळ एफआयआरमध्ये आहे का? सापळा होता का? स्पष्ट होत नसेल तर ‘निर्दोष सुटका’ मागू नका. योग्य प्रक्रिया, जामीन आणि वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तपास मागा. हे मागताना नंतर तोंडघशी पडावं लागत नाही.

१८. खर्चासाठी पैसे गोळा करतोय. परदेशातल्या सोलापूरकरांनी पाठवले तर?

थांबा. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० चं कलम ३ वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, मुद्रक, प्रकाशक यांना विदेशी अंशदान घ्यायला मनाई करतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मावसभावाचे पैसेही त्यात अडकू शकतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून पाठवलेले वेगळे धरले जातात, तरी आधी सीएला विचारा. नाहीतर एका गुन्ह्यातून सोडवताना दुसरा तयार व्हायचा. देशातले पैसे एकाच खात्यात, दोघांच्या सहीने, वकिलाची पावती घेऊन. गुगल पेचा क्यूआर चार जणांनी चार लावले की हिशेब संपला.

१९. आत पत्र पाठवता येतं का? आणि घरचे ‘बोलू नका’ म्हणत असतील तर?

पत्र येतं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, असल्यास बंदी क्रमांक, कारागृहाचा पत्ता. अधिकारी पत्र वाचतात हे धरून लिहा: खटला, साक्षीदार, बातमीचे स्रोत यांतलं काही नको. घरची खबर, पाऊसपाणी, वाचायला काय हवं, एवढं पुरतं. उत्तर आलं नाही म्हणजे पत्र मिळालं नाही असं नव्हे.

घरच्यांचा नकार अंतिम माना. तुरुंगात कोण आहे आणि बाहेर कोण आहे, हा फरक विसरून मोहीम चालवता येत नाही. नाव न घेता कायद्याच्या मुद्द्यावर बोलायला तुम्ही मोकळे आहातच.

२०. उद्या सुटतोय. हलगी, गुलाल, मिरवणूक?

आधी जामिनाच्या अटी वाचा. टिळकांना १८९८ मध्ये सोडतानाही सुटकेनिमित्तच्या कोणत्याही समारंभात भाग घ्यायचा नाही ही अट होती. जाहीर स्वागताची धास्ती जुनी आहे. आज आदेशात बहुधा हजेरी, पासपोर्ट, साक्षीदारांशी संपर्क यांच्या अटी असतात. तक्रारदाराच्या गल्लीतून मिरवणूक गेली तर ‘साक्षीदारांवर दबाव’ म्हणून जामीन रद्दचा अर्ज दुसऱ्या दिवशी पडतो. लिहिण्यावर बंदी घातली असेल तर तिला आव्हान देता येतं: ‘ऑल्ट न्यूज’चे पत्रकार मोहम्मद झुबेर यांना २० जुलै २०२२ रोजी जामीन देताना, त्यांनी ट्वीट करू नये ही उत्तर प्रदेश सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली होती.

कारागृहाच्या दारात चार माणसं, एक गाडी, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला फोन न्या. बाहेर येताना परत मिळालेल्या सामानाची यादी तिथेच ताडून पाहा. जप्त केलेला मोबाईल त्यात नसेल. तो मुद्देमाल आहे, त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो.